तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या माणसांशी मी कशी बोलते

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची मी घेतलेली जाहीर मुलाखत संपून कलावंत गाडीत बसले, की मला कोणीतरी गाठतंच. बहुधा गाण्याच्या क्लासमधल्या एखाद्या मुलीची आई. "तुम्ही किती बुजऱ्या होतात, आम्ही पाहिलंय की! मग एवढ्या मोठ्या लोकांशी अशा कशा बोलता? आमच्या हिलाही जरा सांगा ना." 'ही' तोवर आईच्या मागे गेलेली असते. मी "सवयीनं होतं हो" म्हणते आणि सटकते. हे उत्तर खोटं आहे. म्हणून आता एकदाच काय ते सांगून टाकते.

ज्यांच्याबद्दल आदर वाटतो त्यांच्याशी जाऊन बोल, भीड आपोआप चेपेल, हा सल्ला मलाही भरपूर मिळाला होता. पण मोठ्या माणसासमोर न बोलण्याची आपल्याकडे फार छान सोय आहे. पाया पडायचं. वाकलं की नजर द्यावी लागत नाही, तोंड उघडावं लागत नाही, वर "काय वळण आहे मुलीला" हेही ऐकायला मिळतं. कॉलेजची सगळी वर्षं मी अशीच काढली. मैफल संपली की रांगेत उभी राहायचे, वाकायचे, मागच्याला जागा करून द्यायचे. हल्ली ते काम सेल्फी करते. तिच्यात तर कलावंताकडे पाठच करायची असते. तेव्हा मुलींना ग्रीनरूममध्ये ढकलणाऱ्या आयांनो, तिथे जाऊन भीड मोडते असं कृपा करून समजू नका. तिथे ती आणखी पक्की होते.

दुसरी सोय म्हणजे तंबोरा. गायिकेच्या मागे बसायचं, मान खाली, चार तारा छेडत राहायचं. हजार माणसांसमोर बसूनही कोणाला दिसायचं नाही. मला त्या जागेइतकं सुरक्षित घरातही वाटलं नाही. माझ्या गुरूंच्या, म्हणजे बाईंच्या मागे मी अशी वर्षानुवर्षं बसले. त्यांच्याशी माझं बोलणं काय, तर "हो बाई", "नाही बाई", "आणते बाई".

आता ती मैफल. ज्यांना ठाऊक आहे ते ती नेहमी चुकीची सांगतात.

संध्याकाळची वेळ, बाई मारवा राग गाणार होत्या. मारव्यात पंचम, म्हणजे 'प' नाही, म्हणून एरवी पंचमात असणारी तंबोऱ्याची पहिली तार निषादात, म्हणजे 'नी'त लावलेली. दोन तंबोरे होते. एक माझ्याकडे, दुसरा माझ्याहून बऱ्याच मोठ्या गुरुभगिनीकडे. दोन्ही तिनंच लावले होते. ग्रीनरूममध्ये ते लागलेही होते, हे आधी लक्षात घ्या. पण मंचावर दिव्यांची धग असते, तारा ढिल्या होतात. पडदा उघडायच्या आधी बाईंनी मागे न बघताच विचारलं, "लागलेत ना?" ताई म्हणाली, "हो." मला तिच्या तंबोऱ्याचा निषाद किंचित उतरलेला ऐकू येत होता. मी माझी तार छेडत राहिले.

एखाद्या रागात हे खपून गेलं असतं. मारव्यात नाही खपत. त्यात गवई षड्जावर, म्हणजे 'सा'वर सहज येऊन बसत नाही. कोमल रिषभ ('रे') आणि धैवत ('ध') यांच्यावर राहून षड्जाला हुलकावणी देत राहतो. मागून आधार आहे तो तंबोऱ्याचाच, आणि तोच डळमळला की गाणाऱ्याला पाय टेकायला जागा उरत नाही. बाई दहा मिनिटं गायल्या. मग आलाप अर्धा सोडून वळल्या, ताईच्या मांडीवरचा तंबोरा भर सभेत आपल्याकडे ओढला, खुंटी पिळली, सूर बारीक जुळवायचा मणका सरकवला, कान लावला. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. तंबोरा परत देताना त्यांनी ताईकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

मैफलीनंतर पायरीवर त्या मला हळू आवाजात म्हणाल्या, "तुला ऐकू येत नव्हतं, की बोलता येत नव्हतं?"

मी म्हणाले, "ऐकू येत होतं." त्या काही न बोलता गाडीत बसल्या. पुढचे कित्येक महिने मला तंबोऱ्याला बोलावणं आलं नाही.

एका दिवाळी अंकात मी लिहून बसले आहे की 'त्या रात्री माझी भीड मेली'. ते वाक्य लोकांना आवडलं, अजून ऐकवतात. मला त्याची लाज वाटते. त्या रात्री कसलीही भीड मेली नाही. उलट मी क्लासला जायचंच टाळू लागले. शिवाय तेव्हा गप्प राहिले त्यात माझं चुकलं, असंही मला आजवर पूर्ण पटलेलं नाही. मंचावर, भर सभेत, मोठ्या गुरुभगिनीचा तंबोरा उतरलाय म्हणून सांगायचं? तेव्हाच्या क्लासची शिस्त ज्यांनी पाहिली आहे, त्यांनीच यावर बोलावं. पण बाईंनी विचारलं होतं ते शिस्तीबद्दल नव्हतं, हेही मला कळतं. दोन्ही बाजू मीच मांडते आणि दोन्ही बाजू मलाच पटतात.

खरं काही बदललं असेल तर ते मिरजेत. क्लासचा एक तंबोरा जवारीसाठी, म्हणजे तारांचा गुंजारव नीट करून घ्यायला न्यायचा होता, दुसरं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून मला पाठवलं. मिरजेचे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. पंढरपूर, मंगळवेढ्याकडचा भोपळा त्यांच्या हातून मोठमोठ्या गवयांच्या मागे जाऊन उभा राहिला. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहायचे. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कुठे बाकीच्यांना हे कळलं. मी ज्यांच्याकडे गेले त्या म्हाताऱ्या चाचांबद्दल मला बाईंइतकाच दरारा होता. पाया पडले, कोपऱ्यात बसले. त्यांनी घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, जराशी घासली, तारेखाली दोरा सरकवला, तार छेडली. "बघा, आता?"

आता उत्तर देणं भाग होतं. जवारी खुली हवी की बंद, म्हणजे नाद झणझणीत हवा की दबका, हे गाणाऱ्याच्या पसंतीवर असतं. ते कारागिरानं कसं ठरवावं? मी म्हणाले, "अजून थोडी बंद." त्यांनी पुन्हा घासलं. "आता?" "पहिली तार जास्त खुलली." दुपार अशी गेली. संध्याकाळी एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आयुष्यात परक्या माणसाशी एवढं बोललेच नव्हते, आणि एकदाही घशाला कोरड पडली नव्हती. दोघांचं लक्ष तारेवर होतं, एकमेकांवर नव्हतं.

मुलाखती मी तशाच घेते. "तुम्हाला गुरूंबद्दल काय वाटतं" असलं मला विचारता येत नाही. मी विचारते, तंबोरा कोण लावायचं, मालकंस रागाला पहिली तार मध्यमात ('म') लावताना काय सांभाळायचात, रियाजाला तो वेगळा असायचा का. समोरचा खुलतो. लोक म्हणतात, काय धीट आहे ही.

धीट? लग्नात मी अजूनही जेवणाची पंगत बसेपर्यंत चपलांच्या बाजूला उभी असते. फोन करायचा असला की नवऱ्याला लावायला सांगते आणि तो "घे" म्हणाला की हातानं नको नको करते. पंडित भीमसेन जोशी २०११ मध्ये गेले. पुण्याच्या रमणबागेत 'सवाई गंधर्व' महोत्सवात त्यांना कितीदा ऐकलं, एक प्रश्न कायम तयार होता, पण कधी पुढे झाले नाही. आणि बाई. त्यांच्याकडे मी नंतर परत गेले, तंबोऱ्यांवर भांडलेसुद्धा. पण तुमचं गाणं मला किती आवडतं, हे त्यांना सांगता आलं नाही. त्याला मधे धरायला तार नव्हती. त्याही गेल्या आता. म्हणजे आदर वाटणाऱ्यांशी मी बोलले असं म्हणायचं, की आदर सोडून बाकी सगळ्यावर बोलले?

तुमच्या मुलीला काय सांगू, ते मला ठाऊक नाही. तिला गाण्यातलं काही विचारायचं असेल तर येऊ दे, नसेल तर तिला आईच्या मागे खुशाल उभी राहू दे. मला तूर्त पुढच्या मुलाखतीची काळजी आहे. कलावंत अतिशय मोठे आहेत, तुटक बोलतात असं ऐकलंय, आणि त्यांना फोन अजून झालेला नाही. जमलंच तर पहिला प्रश्न तंबोऱ्याचाच असेल. आयोजकांना तो फार कोरडा वाटतो, पण मला दुसरा येत नाही.