ताडाचं गिऱ्हाईक

ताडगोळेवाला कोयत्याने फळाचं डोकं उडवतो, आतले तीन थुलथुलीत गोळे अंगठ्याने बाहेर काढतो आणि आपण साल ओरबाडायचीही वाट न पाहता ते तोंडात टाकतो. हे गोळे म्हणजे ताडाचं कोवळं बी. झाडाच्या बाजूने विचार केला तर हा व्यवहार निव्वळ बुडीत खात्यातला. ऐन मे महिन्यात आपण त्याची पोरंच गिळतो, वर भाव करून.

ताडाला हवं तसं गिऱ्हाईक आफ्रिकेत आहे. सेनेगलपासून मोझांबिकपर्यंतच्या गवताळ रानांत आपल्या ताडाचा सख्खा भाऊ उभा असतो. तसाच उंच, तशीच पंख्यासारखी पानं, फक्त खोड मध्येच पोट सुटल्यासारखं फुगलेलं. त्याचं फळ पिकून नारिंगी होतं, घमघमतं, खाली पडतं, आणि हत्ती येतो. हत्तीला गोडी त्या धागेदार गराची. आतली कोय त्याच्या लेखी बिनकामाची. दीड-दोन दिवस ती पोटात फिरते आणि मैलोन् मैल लांब, लिदीच्या ढिगात अख्खीच्या अख्खी बाहेर येते. हत्तीचं पचन मुळात कच्चं, खाल्लेल्यातलं निम्मंअधिक तसंच निघून जातं. दिवसाला दीडेकशे किलो चारा खाणाऱ्या प्राण्याची ही उधळपट्टी झाडांच्या मात्र पथ्यावर पडते.

बोत्स्वानातल्या ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात ताडाचा एक लहान चुलतभाऊ आहे, तिथे त्याला मोकोला म्हणतात. नर झाड वेगळं, मादी वेगळी. तपकिरी, मुठीएवढी फळं पिकायला दोन वर्षं घेतात आणि पिकल्यावरही सहजासहजी देठ सोडत नाहीत. मग एखादा थोराड नर हत्ती खोडाला कपाळ लावतो आणि झाड गदागदा हलवतो. फळांचा सडा पडला की सोंडेने एकेक उचलून तोंडात. घाई नाही, हावरेपणा नाही. आंब्याखाली दगड भिरकावणाऱ्या आपल्या पोरांना हे तंत्र कुणी दाखवू नये, एवढंच.

तिथल्या कित्येक बेटांची सुरुवात वारुळापासून झालेली. वाळवीने माती उंचावली, तिच्यावर झाडं आली, झाडांनी पाणी शोषलं आणि पाण्यातला खार बेटाच्या मध्यात साचत गेला. बाकीची झाडं तिथे माना टाकतात, मोकोला तग धरतो. एका बेटावरचं बी दुसऱ्या बेटावर जायचं तर पाण्यातून चालत जाणारं कुणीतरी लागतं. हत्ती ते रोजच करतो.

हत्तीला संत ठरवायची मात्र गरज नाही. ताडाची कोवळी रोपं तो उपटून खातो, मधला कोंब ओरबाडतो. काही ठिकाणी मोकोला झुडपाच्या वर जातच नाही, तो त्याच्याचमुळे. यावर झाडाचं उत्तर मला फार आवडतं. बी रुजताना आधी वर काहीच दाखवत नाही. एक दांडा सरळ खाली जमिनीत घुसतो, गर्भ सोबत नेतो आणि खरं रोप तिथे खोलवर सुरू होतं. वर वणवा पेटो, पाय पडोत, त्याचं फारसं बिघडत नाही. ही युक्ती आपल्या ताडालाही येते.

माणसं तिथेही आहेतच. बोत्स्वानातल्या बायका मोकोलाच्या पानांच्या टोपल्या विणतात, त्यांची नक्षी बघत राहावी अशी. दक्षिण आफ्रिकेच्या मापुटालँडात याच कुळातल्या झाडाची ताडी काढतात, पण उंच चढून नव्हे. बुटक्या झुडपाचा कोंब कापून, खाली बसूनच. आपल्याकडे ताडाखाली ताक प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, तिथे शंकेला जागाच नाही.

आणि मोकोलाच्या बीचं पुढे काय होतं? आतला गर वाळला की हस्तिदंतासारखा पांढरा आणि टणक. नामिबियात रस्त्याकडेला बसलेले कारागीर त्यावर चाकूने नक्षी कोरून किल्ल्यांच्या जुडग्यासाठी विकतात. हत्तीचं चित्र पाहिजे तर हत्तीचंही मिळतं. खऱ्या दातासाठी हत्ती मारण्यापेक्षा हे शतपटीने बरं, पण त्या बीचं झाड होत नाही, हेही खरं.

सगळ्या माणसांना ठपका लावणं बरोबर नाही. बंगालात जन्माष्टमीला पिकलेल्या ताडफळाचा केशरी गर काढून त्याचे गोड वडे तळतात. म्हणजे ताड पिकेपर्यंत थांबणारे लोक आपल्याच देशात आहेत. आपल्याला मात्र उन्हाळ्यात थांबायचं म्हटलं की कठीणच. डझनाचा भाव काय म्हणालात?