जूनमध्ये मूल घरी जायचं, तर कागद जानेवारीत

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बालगृहात आम्ही चौघे स्वयंसेवक आठवड्यातून दोन संध्याकाळी जातो, आणि महिन्यातून एक-दोनदा तिथल्या समाजसेविकेबरोबर मुलांच्या घरी. बालगृह म्हटलं की अनाथ मुलं, असं बाहेर सर्रास समजलं जातं. आमच्या इथल्या बहुतेक मुलांना आई आहे, कुणाला बाप आहे, कुणाला नुसती आजी. नवरा गेल्यावर आई पहाटे चारला जेट्टीवर जाते आणि मागे लेकराकडे बघायला कुणी नाही, आईबाप वीटभट्टीवर गेले, घरात दोन वेळचं भागत नाही, अशा कारणांनी मूल इथे येतं. त्यामुळे आमचं अर्धंअधिक काम बालगृहाबाहेर, त्या घरांमध्ये असतं. नव्याने येणाऱ्यांसाठी ते कसं करतो ते लिहीत आहोत.

आधी परवानगी. अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यायचा. तो जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे जातो. आमच्याकडून आधार, फोटो, ओळख देणाऱ्या दोन माणसांची नावं, वैद्यकीय दाखला आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागितला होता. पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरायचा, मग पोलीस ठाण्यात कागद दाखवायला जायचं. सगळं मिळून सहा आठवडे लागले. या वेळेबद्दल कुरकुर करू नये. ओळखीवर कुणालाही लगेच आत सोडणाऱ्या संस्थेबद्दलच जास्त काळजी वाटायला हवी.

दोन नियम पहिल्या दिवसापासून पाठ हवेत. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहरा धूसर करून स्टेटसला टाकलेला फोटोही नको. छोट्या तालुक्यात गणवेश आणि मागची भिंत पाहून लोक मूल ओळखतात. दुसरा नियम पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. खोदून खोदून विचारायचं नाही, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. मूल जे शब्द बोललं तेच तारीख-वेळेसह लिहायचे आणि त्याच दिवशी अधीक्षकांना सांगायचं. तक्रार संस्थेतल्याच माणसाबद्दल असेल तर थेट पोलीस किंवा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

संध्याकाळच्या वेळेत इयत्तेप्रमाणे गट करू नयेत. पाचवीतलं मूल अक्षरांवर अडलेलं असतं आणि तिसरीतलं गोष्ट वाचतं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चार पायऱ्यांवर प्रत्येकाला पाच मिनिटं तपासून गट केले, तर चाळीस मिनिटांत खरंच काही होतं. चिरेखाणीवरच्या कुटुंबांतली मुलं घरी कन्नड किंवा लमाणी बोलतात, आंब्याच्या बागा राखणाऱ्यांची नेपाळी, कातकरी मुलांची बोली आणखी वेगळी. त्यांना ‘ढ’ म्हणण्याआधी घरात कोणती भाषा बोलतात हे विचारा. मात्र ‘आईबाबा कुठे असतात?’ हा प्रश्न आपण काढायचा नाही. मूल बोललं तर ऐकायचं. आणि ठरलेला वार चुकवायचा नाही. मुलं दाराशी येऊन बसतात, आपण आलो नाही की तशीच उठून जातात, आणि पुढच्या वेळी दाराशी येत नाहीत.

देणग्यांबद्दल स्पष्ट लिहायला हवं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत एका मुलामागे दिवसाला ६०० ग्रॅम धान्य आणि १२० ग्रॅम डाळ धरली आहे. तीस मुलांना म्हणजे दिवसाला १८ किलो धान्य आणि ३.६ किलो डाळ. म्हणून वाढदिवसाला एक केक आणि वीस पुडे बिस्किटं आणण्यापेक्षा महिन्याची तूरडाळ आणि तेल बांधून घ्या. बाहेरून शिजवून आणलेलं अन्न एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात दुपारपर्यंत आंबतं, ते नकोच. पावसाळ्याआधी विचारून घ्यायच्या वस्तू: प्रत्येकाला दोन पंचे, आतले जास्तीचे कपडे, रबरी चपला (बूट वाळत नाहीत), मुलींसाठी सॅनिटरी पॅड आणि वाळत घालायला नायलॉनची दोरी.

जुलैत बालगृहात हमखास येते ती खरूज. इथे चूक नेहमी एकच होते: ज्याला खाज आहे त्यालाच औषध लावलं जातं. डॉक्टरांनी पर्मेथ्रिन ५ टक्के मलम दिलं असेल तर ते सगळ्या मुलांना आणि मावशींना एकाच रात्री लावायचं. मानेपासून खाली पूर्ण अंगाला, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला, बेंबीत, आणि सकाळी आंघोळ. आठवड्याने हेच पुन्हा. मोठ्या मुलाला ३० ग्रॅमची जवळजवळ एक ट्यूब लागते, लहानग्यांना अर्धी. तीस मुलांच्या दोन फेऱ्यांना आम्ही पन्नास ट्यूब धरतो. कपडे, चादरी त्याच सकाळी गरम पाण्यातून काढायच्या. पावसात गोधड्या धुणं शक्य नसतं, तेव्हा त्या मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायच्या. माणसाच्या अंगाशिवाय किडा तग धरत नाही. औषधानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहते. त्याला औषध लागू पडलं नाही असं समजून रोज मलम चोळू नये, कातडी सोलवटते.

आता घरभेटी. समाजसेविकेशिवाय जायचं नाही, एकट्याने जायचं नाही, आणि तिघांहून जास्तही नको. संस्थेचं नाव लिहिलेली गाडी वाडीच्या तोंडाशी सोडून पाखाडीने (दगडी पायवाटेने) चालत जायचं; दारात गाडी लागली की शेजाऱ्यांना सगळं कळतं आणि ते त्या आईला पुढे वर्षभर ऐकावं लागतं. सोबत छत्री, बॅटरी, स्टॅम्पपॅड, पेन आणि कागदांसाठी झिपची प्लॅस्टिक पिशवी.

कधी जायचं हे कोकणाचं वर्ष ठरवतं. लावणीच्या दिवसांत दुपारी घरी कुणी सापडत नाही, सातनंतर जा. मच्छीमार वस्तीत लिलावाच्या वेळी जाऊ नका. जवळा निवडणारी, कोलंबी सोलणारी बाई कामावरून उठली की तिची मजुरी बुडते. कातकरी वाड्या दिवाळीनंतर रिकाम्या व्हायला लागतात, माणसं भट्टीवरून पावसाच्या तोंडावर परततात. आणि गौरी-गणपतीत एक भेट ठेवाच. त्या आठवड्यात मुंबईचे काका, आत्या, मामा गावी असतात. मूल सांभाळायला नातेवाईक तयार आहे का, हा प्रश्न फोनवर सहा महिने सुटत नाही. ओटीवर समोरासमोर बसलं की तासाभरात खरं काय ते कळतं.

घरी गेल्यावर जिथे ती माणसं बसतात तिथेच बसायचं. आपल्यासाठी शेजारून खुर्ची आणायला लावू नये. कोरा चहा दिला तर प्यायचा. डबे उघडून पाहायचे नाहीत. ‘जेवायला मिळतं का?’ याला उत्तर नेहमी ‘हो’ असतं. त्याऐवजी ‘काल रात्री काय शिजवलंत, वहिनी?’ आणि ‘दुकानात खातं किती झालं?’ हे विचारलं की परिस्थिती समजते. पाहायचं ते हे: मे महिन्यात पाणी कुठून आणतात, मूल झोपेल ती जागा गळते का, आतून कडी लागते का, आई कामावर गेली की घरात कोण, घरात दारू किती. कुडाची भिंत आणि मातीची जमीन हा दोष म्हणून अहवालात लिहू नये. गरिबी म्हणजे दुर्लक्ष नव्हे, आणि हा फरक अहवालाच्या शब्दांत दिसलाच पाहिजे, कारण बाल कल्याण समिती मूल घरी पाठवायचं की नाही हे ठरवताना तोच कागद वाचते. घरची ही पाहणी म्हणजेच सामाजिक चौकशी; ती कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत पूर्ण करायची असते.

एवढं करूनही घरी गेलेली मुलं बालगृहात परत येतात. का येतात ते समजायला आम्हाला दोन वर्षं लागली. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणून मूल जूनमध्ये घरी सोडायचं हे सगळ्यांना सोयीचं वाटतं. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. भट्टी बंद, चिरेखाण बंद, आंब्याचं काम आटोपलेलं. कोकणातल्या गरीब घराच्या वर्षातले सगळ्यांत तंगीचे दोन महिने तेच, आणि नेमकं तेव्हाच आपण घरात एक ताट वाढवतो. मग बोटीच्या किंवा भट्टीच्या मालकाकडून उचल घेतली जाते. ती फेडायला अख्खं घर हंगामाला बाहेर पडतं आणि शाळा तुटते. म्हणून मे अखेरपर्यंत त्या घरात रेशन आणि दरमहाची मदत सुरू झालेली असेल असं पाहायचं, आणि त्यासाठी कागदांची सुरुवात जानेवारीत करायची.

कागदांची साखळी जन्मदाखल्यापासून सुरू होते. नोंद जिथे जन्म झाला तिथे असते, गावात नाही. भट्टीवर असताना दुसऱ्या तालुक्याच्या दवाखान्यात जन्मलेल्या मुलाची नोंद तिथेच शोधावी लागते. नोंदच नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यात महिने जातात. सगळ्यांत आधी हेच हाती घ्या. पण त्यासाठी शाळा अडवू देऊ नका: शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मग आधार; पाच आणि पंधरा वर्षांनंतरचे ठसे अद्ययावत केलेत का ते पाहा. मग रेशनकार्डावर नाव. प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो मिळतं, म्हणजे मुलाचं नाव नसलं तर महिन्याला पाच किलो कमी. आईचं नाव अजून माहेरच्या कार्डावरच असेल तर ते आधी कमी करून आणावं लागतं. कर्नाटकातल्या कुटुंबांना स्वतःच्या कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळू शकतं, मात्र गावाकडच्या आजीआजोबांनी आधीच सगळं उचललं नाही ना, हे फोन करून विचारा.

मदतीच्या योजनांपैकी आमचा जास्त संबंध येतो तो राज्याच्या बाल संगोपन योजनेशी (महिना २,२५० रुपये) आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वाशी, म्हणजे घरी राहणाऱ्या मुलासाठीच्या दरमहाच्या मदतीशी (महिना ४,००० रुपये; ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत हवं). विधवा आईसाठी संजय गांधी निराधार योजना वेगळी पाहावी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पालकाचा मृत्यूदाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक आणि घरासमोर मूल व पालक यांचा फोटो लागतो. हा फोटो फक्त फाइलमध्ये राहील याची जबाबदारी आपली. सगळ्यांत जास्त अर्ज अडकतात ते बँकेपाशी. आईचं खातं दोन वर्षं वापरात नसलं की निष्क्रिय होतं, पुन्हा केवायसी करावं लागतं. आधार जोडलेलं नसतं. पासबुकावर ‘सुवर्णा’ आणि आधारवर ‘सुर्वणा’. सगळ्या कागदांवरची नावं अक्षरन् अक्षर जुळवून बघायला दहा मिनिटं लागतात, ती अर्ज भरण्याआधी द्या. आणि हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला येईल असं धरून घरखर्च बसवू नका. जून-जुलैचे तांदूळ, डाळ, तेल आणि वह्या आम्ही मेमध्येच वेगळे काढून ठेवतो.

मूल घरी गेल्यावर पंधराव्या दिवशी एक भेट, मग महिन्याने. शाळेत हजेरीपट पाहायचा, नुसतं ‘जातो हां’ यावर थांबायचं नाही. घर भट्टीवर जाणारच असेल तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड आधी घ्यायला सांगायचं, म्हणजे तिथल्या जवळच्या शाळेत मूल बसू शकतं. बंदरातल्या घरांची तिसरी भेट नारळी पौर्णिमेनंतर, बोटी गेल्यावर. आई पुन्हा पहाटे चारला निघायला लागलेली असते, आणि त्या वेळेपासून शाळा भरेपर्यंत मूल कुणाकडे असतं हे तेव्हाच नीट दिसतं.