ऑपरेशन पोटाचं, काळजी पायांची

फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भाशयातल्या गाठींमुळे, ४७व्या वर्षी माझं गर्भाशय दुर्बिणीतून काढलं. टाके इवलेसे, म्हणजे प्रकरण किरकोळ, असं मी धरून चालले होते. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "घरात कुणाला पायात गुठळी झाली होती?" मी सवयीने 'नाही' म्हणाले. दारापाशी गेल्यावर आठवलं, आईला! माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळच्या बाळंतपणानंतर. परत फिरले.

बाईंनी कॅप्रिनी स्कोअर, म्हणजे गुठळीच्या धोक्याचे गुण, मांडला. वयाचा १, पाऊण तासाहून लांबणाऱ्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचे २ आणि एकट्या आईचे ३. झाले ६, ५ पासून पुढे धोका जास्त धरतात. टाके छोटे असले तरी पोटात गॅस भरून ते फुगवतात, त्या दाबाने पायांतून वर येणारं रक्त रेंगाळतं. त्यात भुलीमुळे पोटऱ्या निपचित, आणि रक्त वर ढकलणारा पंप म्हणजे पोटरीच.

शुद्धीवर आले तेव्हा पायांना गुंडाळलेले पट्टे फुस्स करून फुगत होते, सैल पडत होते. सारखा तोच आवाज. "काढा हो," म्हटलं तर सिस्टर म्हणाल्या, "चालायला उठाल तेव्हा काढू." आणि त्याच संध्याकाळी उठवलंही! पोटापेक्षा खांदाच जास्त ठणकत होता. तो गॅसचा प्रताप, हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं.

घरी सात दिवस एनॉक्झापॅरिन, म्हणजे गुठळी होऊ नये म्हणून घ्यायचं इंजेक्शन, ४० मिलिग्रॅम, रोज एकदा, पोटावर. पहिल्या दिवशी सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायला गेले आणि औषधाचे दोन थेंब वाया घालवले. तो बुडबुडा तसाच ठेवायचा असतो. मग टोचल्यावर चोळलं. सकाळी तिथे जांभळा डाग. बेंबीपासून दोन इंच लांब, कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत, औषध संपेपर्यंत चिमूट सोडायची नाही, नंतर चोळायचं नाही. चौथ्या दिवसापर्यंत हात बसला.

नवव्या दिवशी उजवी पोटरी दुखली. एकाच पायाला सूज, दुखणं किंवा अचानक धाप लागली तर थांबू नका, असं बजावलेलं होतं, लगेच गेले. डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, स्वच्छ निघालं.

त्याच संध्याकाळी धाकटीला फोन केला. ती कित्येक वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतेय, त्यांनीही गुठळीचा धोका वाढू शकतो, आणि आईच्या गुठळीचं तिने डॉक्टरांना कधीच सांगितलेलं नव्हतं.