पार्क्सच्या संहितेतली नुसती नावं

अमेरिकन नाटककार सुझन-लोरी पार्क्स यांचं 'टॉपडॉग/अंडरडॉग' हे लिंकन आणि बूथ या दोन भावांचं नाटक पहिल्यांदा वाचताना मध्येच छपाई चुकली की काय असं वाटतं.

लिंकन
बूथ
लिंकन
बूथ

नावांपुढे संवादच नाही. पार्क्स याला 'स्पेल' म्हणतात. कंसातली 'रेस्ट' म्हणजे छोटी उसंत, स्पेल म्हणजे तीच उसंत लांबलेली आणि तापलेली. त्यात काय भरायचं ते त्यांनी दिग्दर्शकावर सोडलंय.

वाचनात नट ही नावं सरळ गाळतात. मग पुढचं वाक्य मागच्या वाक्याचं उत्तर होऊन बसतं. खरं तर मधे दोघांत काहीतरी बदललेलं असतं. दुसरी चूक म्हणजे दोघांनी मिळून घेतलेला एकच लांब पॉज. माझ्या मते चार नावं म्हणजे चार पाळ्या: लिंकनच्या आत काही हललं, ते बूथला लागलं, ते लिंकनकडे परत फिरलं, पुन्हा बूथकडे गेलं. सुरुवातीच्या तालमींत प्रत्येक नावाला नुसती नजर द्यावी, सेकंद मोजू नयेत.

पत्त्यांच्या वेळची बडबड हे दुसरं अवघड प्रकरण. शब्द उच्चारतात तसेच लिहिलेले, आडव्या रेघांनी एकमेकांना जोडलेले. थ्री-कार्ड माँटे ही न्यूयॉर्कच्या फुटपाथवरची तीन पत्त्यांची फसवणूक. तिथे डीलर एकटा नसतो. गिऱ्हाईक असल्याचं सोंग करणारा स्टिकमन, बाजूचे साथीदार आणि पोलिसांवर नजर ठेवणारा अशी टोळी असते. बडबडीचं काम गिऱ्हाइकाचा कान अडकवून ठेवण्याचं. पहिल्याच प्रवेशात बूथ दुधाच्या क्रेटवर पुठ्ठा टाकून एकटाच सराव करतो आणि त्याला ते जमत नसतं. तिथे नटाने सफाई दाखवली की खेळ फसला, कारण पुढे थोरला भाऊ लिंकन पत्ते हातात घेतो तेव्हाचा फरक प्रेक्षकाला ऐकूच येत नाही.

बापाने गंमत म्हणून पोरांना ही नावं ठेवली: एक राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनचं, दुसरं त्याला गोळी घालणाऱ्या जॉन विल्क्स बूथचं. साथीदार लॉनीला गोळी घातली गेल्यावर लिंकनने पत्ते सोडले. आता तो चेहऱ्याला पांढरा रंग फासून, दाढी चिकटवून, उंच हॅट घालून आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या खेळघरात, अब्राहम लिंकन होऊन बसतो आणि लोक पैसे देऊन त्याला खोट्या पिस्तुलाने मारतात. एक काळा माणूस रोज हे करतो. शेवटी बूथ नावाचा भाऊच त्याला खरोखर मारतो, हे नावातच लिहिलेलं आहे. तरी ते बघताना पोटात गोळा येतो, ही पार्क्सची ताकद. जॅझमधून त्यांनी उचललेली पद्धत अशीच आहे: तोच तुकडा परत येतो, दर वेळी किंचित बदलून.

2001 मध्ये जॉर्ज सी. वुल्फ यांनी न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये हे नाटक आणलं. 2002 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं तेव्हा नाटकासाठी ते मिळवणाऱ्या पार्क्स पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या.

प्रयोग लांबतो म्हणून कात्री लावायची वेळ आलीच, तर पुन्हा येणारी वाक्यं 'हे झालंय आधी' म्हणून कापू नका. विशेषतः आईने मोज्यात बांधून दिलेल्या पाचशे डॉलरचे उल्लेख. बूथने ती गाठ कधीच सोडलेली नाही, हे प्रेक्षकाला आधीपासून माहीत हवं. नाहीतर लिंकन ते पैसे जिंकून मोजा कापायला चाकू उचलतो तेव्हा बूथचा तोल का जातो, ते कळणार नाही.