सदुसष्ट की साठ सात? बोलणाऱ्या ट्रॅकरची पुढची नोंद

रॉकेट कुठे आहे ते मराठीत बोलून सांगणारा ट्रॅकर मी बनवतोय. मागच्या नोंदीत टी-बीम बोर्ड (जीपीएस आणि रेडिओ एकत्र असलेला) रॉकेटच्या नोजकोनमध्ये, म्हणजे टोकाच्या शंकूत, बसवून झाला होता, तिथे थांबलो होतो. त्यानंतर दोन उड्डाणं झाली, एक रॉकेट अडीच तास हरवलं, सांगलीला आईशी थोडं वाजलं आणि मेमरी कार्डावरच्या निम्म्याहून जास्त फाइली उडवून टाकल्या.

नव्या मंडळींसाठी थोडं. माझं रॉकेट ७५ मिलिमीटर व्यासाचं, फायबरग्लासचं, मोटर भरून साधारण साडेतीन किलो. मोटर जे वर्गाची, म्हणजे ६४० ते १२८० न्यूटन-सेकंद या टप्प्यातली. अमेरिकेत जे, के आणि एल उडवायला लेव्हल २ ची पात्रता लागते, ती गेल्या वर्षी झाली. उडवतो मोहावी वाळवंटातल्या ल्युसर्न ड्राय लेकवर. कोरड्या तळ्याचा तळ सपाट, पण कडेला क्रिओसोटची झुडुपं सुरू झाली की दहा पावलांवरचं रॉकेट दिसत नाही. दीड-दोन किलोमीटर वर गेलेलं रॉकेट डोळ्यांनी धरून ठेवायचं तर मान खाली घालून चालत नाही, आणि तिथल्या उन्हात स्क्रीन वाचताही येत नाही. म्हणून बोलणारा रिसीव्हर.

बोलणारे रिसीव्हर बाजारात आहेत, हे आधीच मान्य करतो. बीडेल गार्बी आणि कीथ पॅकार्ड यांच्या ऑल्टस मेट्रमच्या बोर्डांबरोबर ऑल्टोसड्रॉइड हे अ‍ॅप येतं, ते उंची, वेग, टप्पा सगळं बोलून दाखवतं. फेदरवेटचा ट्रॅकर फोनवर बोलतो. एगफाइंडरच्या एलसीडी रिसीव्हरला आवाजाचं मॉड्यूल जोडता येतं. मग स्वतःचं कशाला? एक तर आमच्या वाळवंटात फोन तापून मान टाकतो. दुसरं कारण हौस. शेजारच्या पॅडवरचा फोन इंग्रजीत घडाघडा बोलत होता, आणि मला वाटलं की आपलं रॉकेट मराठीत बोललं पाहिजे. एवढंच.

रेडिओ ४३३ मेगाहर्ट्झचा लोरा (थोड्या शक्तीत लांब पोचणारी पद्धत), हौशी रेडिओच्या ७० सेंटिमीटर पट्ट्यातला. त्यासाठी टेक्निशियन परवाना काढला: ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास. सुरुवातीला लांब पल्ल्याच्या लोभाने स्प्रेडिंग फॅक्टर १२ ठेवला होता. हा आकडा वाढवला की पल्ला वाढतो, पण पाठवायला वेळही जास्त लागतो. २० बाइटचं माहितीचं एक पाकीट हवेत पाठवायला त्यात १.३ सेकंद जातात. फॅक्टर ७ वर तेच काम ५७ मिलिसेकंदांत होतं. समोरासमोर दोन-तीन किलोमीटरसाठी १२ ची काही गरज नाही. आता ८ वर आहे, सेकंदाला एक पाकीट.

आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी. नखाएवढं मेमरी कार्ड घालायचं, त्यात एमपी-थ्रीच्या छोट्या फाइली, आणि सिरियलवरून सांगायचं की आता अमुक वाजव. दोन सूचना. मॉड्यूलच्या आरएक्स पायाला एक किलोओहमचा रेझिस्टर लावा, नाहीतर आवाजात कायम गुणगुण येते. आणि फाइलींना नुसती नावं देऊन भागत नाही. साध्या आज्ञेवर हे मॉड्यूल नावाच्या नाही, कार्डावर कॉपी झालेल्या क्रमाने फाइली वाजवतं. माझं रॉकेट पहिल्या चाचणीत ‘उंची’च्या जागी ‘बॅटरी’ म्हणत होतं. कार्ड फॉरमॅट करून फाइली एकेक करून, क्रमाने टाका.

आवाज आईचा. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, उच्चार खणखणीत. मी फोनवर यादी दिली: एक ते नव्व्याण्णव, शे, हजार, आठ दिशा आणि बाकी किरकोळ शब्द. इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे आणि पुढचे दशक रेकॉर्ड केले की शंभराच्या आतलं काम संपतं. आपल्याकडे तशी सोय नाही. बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव: दोन कुठे संपतो आणि दशक कुठे सुरू होतं ते जोडाक्षरांत विरघळलेलं. म्हणजे नव्व्याण्णव फाइली. आईने एका दुपारी सगळ्या म्हणून पाठवल्या, आणि मार्चमध्ये मी त्या घेऊन तळ्यावर गेलो.

मार्चचं उड्डाण छान झालं. निदान वर जाईपर्यंत. खाली येताना मोठं पॅराशूट साधारण २०० मीटरवर उघडलं आणि त्याच क्षणी ट्रॅकर बंद पडला. टी-बीमच्या मागची १८६५० बॅटरी नुसती स्प्रिंगच्या दाबावर बसते. पॅराशूटच्या झटक्याने ती खोबणीतून निसटली. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की कानात आई ठामपणे दिशा आणि अंतर सांगते आहे. मी चालत गेलो. तिथे काही नाही. आई तेच सांगते आहे. नवं पाकीट आलं नाही तर शेवटचं पुन्हा वाजवायचं, असं मीच लिहून ठेवलं होतं! मोठ्या पॅराशूटखाली २०० मीटर उतरायला अर्धा मिनिट लागतो. वारा सेकंदाला सात मीटर होता, म्हणजे रॉकेट अजून दोनशे-अडीचशे मीटर पुढे सरकलेलं. आपलं रॉकेट शोधायला निघालेल्या दुसऱ्या एका चमूला ते झुडपात सापडलं, अडीच तासांनी.

बॅटरीचं काम सोपं निघालं: तारा थेट डागल्या, वरून दोन पट्टे आवळले. पण खरी चूक बॅटरीची नव्हती. शिळी माहिती ताज्या माहितीच्याच आवाजात सांगणारं यंत्र गप्प यंत्रापेक्षा वाईट. आता पाच सेकंदांत नवं पाकीट आलं नाही की प्रत्येक वाक्य ‘जुनं’ या शब्दाने सुरू होतं, आणि किती सेकंद जुनं तेही येतं: ‘जुनं, चाळीस सेकंद. आग्नेय, सातशे वीस मीटर.’

त्याच दिवशी दुसरी गोष्ट लक्षात आली. वाऱ्यात आकडे अर्धेच ऐकू येत होते. ‘पाचशे एकोण...’ आणि पुढचं वाऱ्यावर. एकोणीस की एकोणनव्वद? मराठी आकड्यात एकक आधी आणि दशक शेवटी. सदुसष्टमधला ‘सदु’ पोचला आणि ‘सष्ट’ हरवला, तर सात कळतात आणि साठ जातात. नको तो अंक हाती राहतो आणि हवा तो उडून जातो. ‘साठ सात’ म्हटलं असतं तर शेपूट हरवूनही चूक दहाच्या आत राहिली असती.

आता तुम्हाला २०१९ आठवलं असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस दोन’, ‘साठ सात’ अशी वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की जोडाक्षरांमुळे मुलं अडखळतात, जुनी पद्धतही राहणार आहे. तेव्हा मीही व्हॉट्सअ‍ॅपवरचे विनोद इमानदारीत पुढे ढकलले होते. सहा-सात मीटर वाऱ्यात उभं राहिल्यावर त्या पद्धतीचं म्हणणं पटायला एक मिनिट लागलं.

एप्रिलमध्ये सांगलीला गेलो तेव्हा आईला म्हटलं, पुन्हा रेकॉर्ड करू, या वेळी साठ सात.

“मी नाही म्हणणार. चौतीस वर्षं पोरांकडून सदुसष्ट म्हणवून घेतलंय.”

“अगं, तिकडे वाऱ्यात ऐकू येत नाही.”

“मग नीट ऐकायला शीक. आणि मला सांग, तुझं ते यंत्र मीटर न् मीटर बरोबर सांगतं का?”

नाही सांगत. उघड्यावर जीपीएसची चूक काही मीटरची असतेच. म्हणजे सदुसष्टमधले ते सात तसेही खोटेच. सत्तर म्हणा, झालं! सगळे आकडे जवळच्या दहावर आणले आणि भांडणाचं मूळच गेलं: दहा ते नव्वद, शंभर, एकशे, दोनशे ते नऊशे, पुढे हजार. त्यात आईची दुरुस्ती अशी की ‘एक हजार सहाशे पन्नास’ कोणी म्हणत नाही, ‘सोळाशे पन्नास’ म्हणतात. अकराशे ते एकोणीसशे अशा नऊ फाइली वाढल्या, पण वाक्य आखूड झालं. आकड्यांच्या एकूण तीसेक फाइली. नव्व्याण्णवांच्या जागी. ‘दोन हजार चारशे सदुसष्ट’ म्हणायला जवळजवळ तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात दोनशे मीटर वेगाचं रॉकेट सहाशे मीटर वर गेलेलं असतं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

दिशांच्या बाबतीत मात्र आपली भाषा या कामासाठीच घडवल्यासारखी आहे. ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य: चार उपदिशांना चार वेगळे शब्द, एकाचा दुसऱ्याशी घोटाळा नाही. बारीक दिशेसाठी कंपास वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा. दक्षिण कॅलिफोर्नियात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या ११-१२ अंश पूर्वेला असते. हिशेब न करता चाललात तर ९०० मीटरवर १८० मीटर बाजूला पोचाल.

सांगलीत आणखी एक उद्योग केला. जीपीएसची वाक्यं वाचणारी तयार लायब्ररी काढून स्वतःचा कोड लिहिला, पाकिटाची वेळ हवी होती म्हणून. (लायब्ररी ती देते. वाचलं नव्हतं.) रेडिओ बंद ठेवला, गच्चीचा बिंदू कोडमध्ये घातला आणि बोर्ड हातात घेऊन आयर्विन पुलापर्यंत चालत गेलो. अंतर बरोबर, दिशा बरोबर. परत कॅलिफोर्नियात येऊन घराजवळच्या मैदानात चालून पाहिलं, तर मी पूर्वेला चाललोय आणि आई म्हणते पश्चिम. अंतर अचूक, उत्तर-दक्षिण अचूक, फक्त पूर्व-पश्चिम आरशातल्यासारखी उलटी. रेखांशाच्या पुढे येणारं पश्चिमेचं अक्षर माझा कोड वाचतच नव्हता. सांगली ७४ अंश पूर्वेला, तिथे ते अक्षर वाचलं नाही तरी काही बिघडत नाही. तळं ११७ अंश पश्चिमेला. एका ओळीची चूक, दोन रात्री गेल्या. मैदानात चालून न पाहता थेट तळ्यावर गेलो असतो, तर आग्नेयेचं रॉकेट नैऋत्येला शोधत बसलो असतो.

जाण्याआधी राहिलेलं एक काम केलं. बोर्डावरचा यू-ब्लॉक्सचा जीपीएस रिसीव्हर मूळ ‘पोर्टेबल’ मोडमध्ये येतो: १२ किलोमीटर उंचीपर्यंत, आणि उभ्या दिशेने सेकंदाला ५० मीटर. रॉकेटसाठी ‘एअरबोर्न ४जी’ हवा (हे ४जी मोबाइलचं नाही, गुरुत्वाकर्षणाच्या चौपट प्रवेगाचं). त्यात उंचीची मर्यादा ५० किलोमीटर आणि उभा वेग १०० मीटर. वीज गेली की हे सेटिंग पुसलं जाऊ शकतं, म्हणून दर वेळी बोर्ड सुरू होताना पाठवतो. तरी मोटर जळत असताना जीपीएसवर विश्वास नाहीच, वेग थोडा ओसरला की तो पुन्हा भानावर येतो. म्हणून पॅराशूटची बारूद कायम वेगळ्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या अल्टिमीटरच्या हाती. ट्रॅकरने फक्त बोलावं.

मे महिन्याचं उड्डाण. हवा ३० अंश. छोटा स्पीकर वाऱ्यात ऐकू येत नाही, म्हणून इअरफोन, पण एकाच कानात. दुसरा कान रेंजच्या भोंग्यासाठी मोकळा हवा. कोणाचं रॉकेट पॅराशूटशिवाय खाली येतंय हे ओरडून सांगतात तेव्हा ते ऐकू आलंच पाहिजे. मोटर पेटली. पहिले काही सेकंद रिसीव्हर मुद्दाम गप्प. मग ‘वर, आठशे दहा’. ‘वर, तेराशे चाळीस’. मग ‘शिखर, सोळाशे पन्नास’. मान वर, डोळे आकाशात, आणि ड्रोग, म्हणजे शिखरावरचं छोटं पॅराशूट, उघडल्याचा धुराचा ठिपका मला दिसला. आजवर एकदाही दिसला नव्हता.

नंतर अल्टिमीटरच्या टीक-टीकमधून उंची मोजली, तर १,५४० मीटर. ११० मीटरचा फरक. आधी वाटलं जीपीएस थापा मारतोय. पण दाबावरून उंची काढताना अल्टिमीटर प्रमाण हवामान धरतो, आणि तळ्याच्या उंचीवर ते म्हणजे साधारण ९ अंश. हवा ३० अंशांची, म्हणजे विरळ. त्यामुळे तो सुमारे सात टक्के कमी दाखवणार. १,५४० मध्ये सात टक्के घाला. जमतंय.

खाली येताना दर पाच सेकंदांनी एक वाक्य. उतरण्याचा वेग २०-२५ मीटर असेल तर ‘ड्रोग ठीक’, ५० च्या वर गेला तर ‘सावधान’, १० च्या खाली आला की ‘मोठं छत्र’. जमिनीपासून दहाएक मीटरवर पाकिटं थांबली, कारण अँटेना झुडपाच्या आड गेली. लगेच ‘जुनं, दहा सेकंद. ईशान्य, सहाशे नव्वद मीटर.’ ‘जुनं’ ऐकून या वेळी धीर आला. तीनशे मीटर उरल्यावर पाकिटं पुन्हा सुरू झाली. साठ मीटरवर नारिंगी कापड दिसलं. घड्याळात अकरा मिनिटं.

पुढच्या वेळी फॅक्टर ७ करून सेकंदाला दोन पाकिटं पाठवायची आहेत. नोजकोनवर चंदेरी रंग देण्याचा विचार सोडला, कारण त्यात धातूची भुकटी असते आणि अँटेना आतच गुदमरते. शिवाय बॅटरी उतरल्याचा इशारा हवा होता, ती फाइल काल सांगलीहून आली. मी फक्त ‘बॅटरी संपत आली’ एवढंच मागितलं होतं. आईने ‘अरे, बॅटरी संपत आली’ असं म्हटलंय. ‘अरे’ कापायचं की ठेवायचं, अजून ठरलेलं नाही.