वोबर्नच्या मजूरघरांना सिमेंट का सोसत नाही

इंग्लंडमध्ये बेडफर्डशरमधल्या वोबर्न आणि आसपासच्या गावांत लाल विटांची जोडघरं जागोजागी दिसतात. दर्शनी भिंतीवर पाटी असते: वर मुकुट, खाली ‘बी’ हे अक्षर आणि बांधल्याचं साल. बेडफर्डच्या ड्यूकांनी आपल्या जमिनीवर राबणाऱ्या मजुरांसाठी ही घरं बांधली. विटांवर १७८४ पासून असलेला कर १८५० मध्ये उठला आणि अशा बांधकामाला जोर आला.

त्या काळातल्या आदर्श मजूरघराचा आराखडा मोठा विचारी. खाली चुलीची खोली, मागे धुण्याभांड्यांची, कोठीची खोली शक्यतो उत्तरेला. वर तीन खोल्या: आईवडिलांची, मुलांची, मुलींची. तीन हव्यात, हा तेव्हाच्या सुधारकांचा आग्रहच होता.

अशा जुन्या घराची दुरुस्ती करण्याआधी भिंत नीट पाहावी. थरात एक वीट लांबीची, एक डोक्याची (अरुंद टोक दिसणारी), अशी आळीपाळीने दिसली तर ती बहुधा नऊ इंची भरीव भिंत. थर साडेचार इंच उंच दिसले तर विटा कडेवर उभ्या केलेल्या आहेत आणि आत सुमारे तीन इंचांची पोकळी आहे. विटा रचण्याच्या या पद्धतीला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. त्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात हीच रचना रुजवली.

या भिंतींचा खरा शत्रू म्हणजे सिमेंटने भरलेले दर्जे, म्हणजे विटांमधले सांधे. मूळ चुना विटेपेक्षा मऊ, त्यामुळे भिंतीतली ओल दर्ज्यातून सुकून जाते. सिमेंट ती वाट बंद करतं. मग पाणी विटेत साठतं, थंडीत गोठून फुगतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. दर्जा टणक, भोवतीची वीट खाल्लेली, असं दिसलं की कारण हेच.

सिमेंट छन्नी-हातोडीने काढावं. ग्राइंडरने विटांच्या कडा कापल्या जातात. दर्जा रुंदीच्या दुप्पट, म्हणजे दहा मिलिमीटरच्या दर्ज्याला निदान वीस मिलिमीटर, खोल करावा. धूळ झाडून वीट भिजवावी. एक भाग नैसर्गिक जलीय चुना (पाण्याने घट्ट होणारा; मऊ विटेला २ प्रतीचा) आणि अडीच-तीन भाग भरड वाळू कालवून दर्जा भरावा. दर्जा जरा आवळला की ताठ ब्रशने ठोकून घ्यावा, मग ओलं गोणपाट काही दिवस टांगून ठेवावं. तापमान पाच अंशांखाली जाणार असेल तर हात लावू नये. चुना धरायच्या आत गोठला तर भुगा होऊन पडतो.

आत ओल दिसली तरी भिंतीत ओलरोधक रसायनं टोचण्याआधी बाहेर बघा. वर्षानुवर्षं खडी टाकून अंगण चढलेलं असतं. ओलरोधक थरापासून जमीन दीडशे मिलिमीटर खाली हवी. जुन्या घरांत तो थर बहुधा नसतोच, तिथे निदान आतल्या फरशीपेक्षा खाली. लाकडी जमिनीखालच्या हवेच्या जाळ्याही मोकळ्या करा, नाहीतर तुळया कुजतात.

पापुद्रा गेलेली वीट मात्र फेकू नका. हलक्या हाताने सोडवून उलटी फिरवून बसवली, तर मागची बाजू बहुतेक वेळा धड निघते.