ब्रीदवाक्याच्या जोड्या : माझ्या अमेरिकी संग्रहाची प्रगती

अमेरिकी नाण्यांवरील ‘इन गॉड वी ट्रस्ट’ (ईश्वरावर आमचा विश्वास आहे) हे ब्रीदवाक्य केव्हा आले, केव्हा गेले आणि कोणाच्या आग्रहाने परतले, एवढ्याच सूत्रावर संग्रह उभारायचे ठरवल्यापासून वर्षवार मालिका पूर्ण करण्याचा नाद मी सोडला आहे. आता अल्बमच्या प्रत्येक पानावर वाक्य असलेले एक आणि नसलेले एक नाणे समोरासमोर बसते. निम्म्याहून अधिक पाने भरली असल्याने ही नोंद.

पहिले पान 1864 च्या दोन सेंटांचे आहे. यादवी युद्ध पेटलेले असताना, नोव्हेंबर 1861 मध्ये, पेनसिल्व्हेनियातील मार्क वॉटकिन्सन या धर्मोपदेशकाने अर्थमंत्री सॅमन चेस यांना पत्र लिहून नाण्यांवर ईश्वराचा उल्लेख असावा अशी विनंती केली. चेस यांनी ते काम टांकसाळीचे संचालक जेम्स पोलॉक यांच्याकडे सोपवले आणि ‘गॉड अवर ट्रस्ट’सारखे शब्द नमुना-नाण्यांवर आजमावून झाल्यावर आजचे वाक्य कायम झाले. दोन सेंटांच्या या नाण्याला पूर्वीचे रूपच नसल्यामुळे येथे जोडी लहान अक्षरांच्या आणि मोठ्या अक्षरांच्या ठशांची लावावी लागते. मोठ्या अक्षरांचे नाणे माझ्याकडे आहे. लहान अक्षरांचे दुर्मीळ असल्याने शोध चालू आहे. या नाण्याची प्रत ठरवताना ढालीवरच्या फितीतील वाक्य किती शिल्लक आहे हेच आधी पाहतात, आणि त्यातही ‘वी’ हा शब्द सर्वांत आधी झिजतो.

पाच सेंटांचे पान स्वस्तात पूर्ण झाले. 1866 च्या ढालीच्या नाण्यावर वाक्य आहे, 1883 च्या ‘लिबर्टी’ मुखवट्याच्या नाण्यावर ते नाही, आणि थेट 1938 च्या जेफरसन नाण्यावर ते परतते. म्हणजे रोजच्या खिशातील नाणे पंचावन्न वर्षे ईश्वराच्या नावाविना फिरत राहिले. याउलट सामान्य माणसाच्या हाती क्वचितच पडणाऱ्या सोन्याच्या नाण्यावरून मात्र देशभर गदारोळ झाला.

त्या गदारोळाचे पान माझ्यासाठी सर्वांत मोलाचे आहे, जरी तेथे सध्या छायाचित्रेच लावली असली तरी. जवळजवळ 30 ग्रॅम शुद्ध सोने असलेले वीस डॉलर विकत घेणे माझ्या आवाक्यातले नाही. 1907 मध्ये शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांच्या आराखड्यानुसार निघालेल्या दहा आणि वीस डॉलरच्या नाण्यांवरून हे वाक्य वगळले गेले, आणि त्यामागे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची इच्छा होती. ते काही नास्तिक नव्हते. इतके पवित्र वाक्य पैशावर छापणे म्हणजेच त्याचा अनादर, असे त्यांचे म्हणणे होते, आणि चांदीची नाणी मुक्तपणे पाडावीत का, या वादाच्या काळात डॉलरमधील कमी चांदीवरून याच वाक्यावर रचलेल्या विनोदांचा दाखलाही त्यांनी दिला. मला त्यांचा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. लोकांना मात्र तो पटला नाही. धर्मगुरू आणि वृत्तपत्रे तुटून पडली, आणि मे 1908 मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) कायदा करून वाक्य परत आणले. त्यामुळे 1908 या एकाच वर्षाची वीस डॉलरची नाणी दोन्ही प्रकारांत मिळतात.

वाक्य घालताना होणाऱ्या चर्चेपेक्षा ते काढल्यावर होणारा आरडाओरडा फार मोठा असतो, हे ब्रिटिश साम्राज्याच्या नाण्यांतही दिसते, म्हणून एक पुरवणी पान जोडले आहे. 1849 च्या फ्लोरिनवर (दोन शिलिंगांच्या ब्रिटिश नाण्यावर) ‘डेई ग्राशिया’ (ईश्वरकृपेने) हे शब्द नव्हते, तेव्हा लोकांनी त्याला ‘देवहीन’ ठरवले. कॅनडाच्या 1911 च्या नाण्यांबाबत तेच झाले आणि 1912 मध्ये शब्द परतले. गंमत अशी की आपल्याकडील व्हिक्टोरियाच्या रुपयांवर हे शब्द नव्हतेच. 1911 मध्ये येथे वाद झाला तो पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून. व्यापारी ज्याला ‘पिग रुपी’ म्हणतात तो रुपया या पानावर बसत नाही, तरी मी तो शेजारी ठेवला आहे.

नोटांचा विभाग छोटा आहे. नाण्यांवर वाक्य आहे आणि नोटांवर नाही, याकडे आर्कान्साचे संग्राहक मॅथ्यू रॉथर्ट यांनी 1953 पासून लक्ष वेधले. आपल्या छंदातील माणसाने कायदा घडवून आणण्यास हातभार लावल्याचे उदाहरण विरळाच. नोटांवरही वाक्य असावे असा 1955 चा कायदा अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने झाला आणि 1957 मध्ये एक डॉलरच्या नोटेवर वाक्य आले. 1935-जी मालिकेची नोट मात्र दोन्ही रूपांत छापली गेली, त्यामुळे ती जोडी विनासायास जमली.

शेवटचे पान 2007 च्या वॉशिंग्टन डॉलरसाठी राखले आहे. यात वाक्य कडेवर कोरले होते, काही नाणी ती पायरी चुकवून कोऱ्या कडेने बाहेर पडली, आणि सरकारने मुद्दाम देव हटवला अशी अफवा उठली. 2009 पासून वाक्य दर्शनी बाजूवर आले. कोरी कडा घासून बनवता येत असल्याने 8.1 ग्रॅम वजन आणि 26.5 मिलिमीटर व्यास स्वतः मोजल्याशिवाय हे नाणे मी घेणार नाही.